मदत हवी आहे: लेकीला फिट आली, जीन टेस्ट करावी का? (आणि घरातली एक जुनी गोष्ट)

दांडियाबाजारकर:

नमस्कार मंडळी. आम्ही तीन पिढ्यांचे बडोदेकर. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

लेक १७ वर्षांची, बारावीत. नवरात्रात रोज गरबा. इथले असाल तर ठाऊक असेल, गरबा बाराला थांबला तरी पुढे मैत्रिणी, सेव उसळ, गप्पा. घरी यायला दोन-अडीच. सकाळी साडेसहाला क्लास. अष्टमीच्या सकाळी तिच्या हातातला चहाचा कप उडाला. पडला नाही, उडाला. भिंतीवर चहाचा फवारा. आम्ही हसलो, "रात्रीचा गरबा उतरला नाही वाटतं!" दहा मिनिटांत ती बाथरूमच्या दाराशी कोसळली. अंग ताठ, मग झटके, ओठ निळे. शेजारच्या बा धावत आल्या, "खेंच छे, कांदो सुंघाडो!" कुणीतरी दातांत घालायला चमचा आणला. बायकोने तो हिसकावून घेतला आणि लेकीला कुशीवर वळवलं. सगळं मिळून दीड मिनिट असेल. मला आजही तासभर वाटतं.

ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, गडबड दिसली, एमआरआय स्वच्छ. निदान: जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, हातापायांना झटके देणारा अपस्मार. लेव्हेटिरासिटाम सुरू आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली आई म्हणाली, "छे हो, आमच्याकडे असलं काही नाही."

आहे. माझ्या थोरल्या ताईला आहे. दहावीपासून. सकाळी तिच्या हातून दुधाचं पातेलं, कंगवा, काहीही निसटायचं आणि आई तिला वेंधळी म्हणायची. दोनदा मोठी फिट आली, त्यानंतर गोळ्या. लग्न ठरलं तेव्हा आईने त्या गोळ्या जिरागोळ्यांच्या डबीत भरून दिल्या. सासरी कुणाला कळलं नाही.

प्रश्न तीन. हे आमच्या घराण्यातून आलं का? जीन टेस्ट करावी का? आणि ताईचं डॉक्टरांना सांगणं खरंच गरजेचं आहे का? आईशी बोललो तर ती दोन दिवस जेवणार नाही.

कट्टावाला: टेस्ट करून टाका हो. हल्ली थुंकीवरून पत्रिका निघते.

पहाटपाळी:

कट्टावाले, पत्रिकेइतकंच खरं ठरेल ते!

दादा, मी ईईजी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. रोज हेच आलेख बघते म्हणून लिहिते. गरब्यात हजार माणसं एकाच टाळीवर येतात ना? मेंदूतल्या पेशींनी तसं करायचं नसतं. ज्याने त्याने आपापल्या वेळी बोलायचं. पेशीच्या पडद्यावर प्रथिनांची दारं असतात. सोडियमचं दार उघडलं की पेशी पेटते, पोटॅशियमचं उघडलं की निवते. गाबा नावाचं रसायन क्लोराइडचं दार उघडून ब्रेक लावतं. ही दारं कशी घडवायची ते जीन्समध्ये लिहिलेलं असतं. १९९५ साली अपस्माराच्या एका प्रकारामागचं पहिलं जीन सापडलं, तेही अशाच एका दाराचं होतं.

तुमच्या लेकीचा प्रकार २००२ मध्ये एका फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबात गाबाच्या दारातल्या एकाच चुकीवरून आलेला सापडला. पण अशी घरं विरळा. बहुतेकांत पुष्कळ जीन्सचे लहानलहान फरक एकत्र येतात. २०२३ च्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात जीन्सच्या नकाशात अपस्माराशी जोडलेल्या २६ जागा मिळाल्या. म्हणजे वारशात येते ती प्रवृत्ती. वरून जागरण पडलं की ठिणगी. एरवी शंभरात एखाद्याला अपस्मार होतो, सख्ख्या नातेवाइकांत त्याच्या दोन ते चार पट, आत्या-भाचीत त्याहून कमी. म्हणजे बहुतेक नातेवाइकांना काहीच होत नाही.

म्हणून टेस्टची घाई नको. वाढ व्यवस्थित, एमआरआय स्वच्छ आणि हा प्रकार, अशा मुलांत त्यातून उपचार बदलेल असं सहसा काही निघत नाही. तान्हेपणी फिट्स सुरू झाल्या किंवा बाळाची वाढ अडली तर गोष्ट वेगळी. ड्रावे सिंड्रोम या तशाच एका प्रकारात एससीएन१ए या जीनमधल्या चुकीमुळे ब्रेक लावणाऱ्या पेशींचीच सोडियमची दारं कमी पडतात. तिथे सोडियमचं दार रोखणारं औषध दिलं तर उलट फिट्स वाढतात. टेस्टचा तिथे खरोखर उपयोग होतो.

ताईचं मात्र सांगाच! नाव नको, "आत्याला, पंधराव्या वर्षापासून, सकाळचे झटके" एवढं पुरे. आणि ताईंना कोणती गोळी लागू पडली ते विचारा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनी या प्रकारात झटके वाढू शकतात. व्हॅल्प्रोएट उत्तम चालतं, पण पुढे गरोदरपणात बाळाला धोका असतो म्हणून मुलींना शक्यतो देत नाहीत. लेव्हेटिरासिटामने कधीकधी चिडचिड होते. लेक दार आपटायला लागली तर ते वयामुळेच असं धरून बसू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि झोप. पुढच्या वर्षी गरबा खेळू दे, पण सकाळचा क्लास बुडवू दे.

कोर्टाजवळचा: आईंना सांगा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मधून, म्हणजे लग्नाच्या अटींमधून, अपस्मार १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. त्या भीतीवर अजून किती डब्या भरणार?

दांडियाबाजारकर:

सगळ्यांचे आभार. आईला अजून सांगितलेलं नाही. काल दुपारी ताईला फोन केला. कपाचं ऐकून ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "भिंतीवर उडाला ना? माझं दूध छताला लागलं होतं, तू लहान होतास." तिच्या मिस्टरांना म्हणे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. गोळ्या संपल्या की तेच आणतात, आणि घरी आल्यावर त्याच डबीत भरतात.

मग म्हणाली, थांब, चष्मा घालते, नाव वाचून दाखवते. लिहून घेतलंय. गुरुवारी दाखवायला जायचंय, एकटाच जाईन म्हणतो.