चिखलात जड फोर बाय फोरला जॅक कसा लावायचा?

परवा ताम्हिणीच्या अलीकडे कच्च्या रस्त्यावर मागचं टायर पंक्चर झालं, गाडी दोन टनाच्या वर, बॉटल जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच लाल चिखलात रुतत तिरका झाला, भाऊ शेजारीच वाकलेला, जाम घाबरलो. काय करायला हवं होतं?

> जॅकखाली जाड फळी पाहिजेच, फूटभर लांब-रुंद, मी डिकीत सागाची ठेवतो. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो, त्यातलं एक तुम्ही उचलताय.

> आणि स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवा, जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसते. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग, त्याचा वेगळा लिव्हर किंवा नॉब असतो) न्यूट्रलला नाही ना बघा, नाहीतर गिअरमध्ये टाकूनही गाडी घरंगळते. उतारावर उचलूच नका, हळूहळू सपाटीला आणा, टायर फाटला तर फाटू दे. भावाला सांगा, खाली हात घालायचा नाही म्हणजे नाही.