विषय: बर्लिनमधला पहिला महिना – खोली, कागद, कुकर

प्रेषक: सायली (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला बर्लिनमध्ये जॉइन व्हायचं आहे. सॉफ्टवेअरची नोकरी, व्हिसा हातात आला आहे. पहिले दोन आठवडे कंपनी हॉटेल देऊन राहिली आहे, पुढचं माझं मला बघायचं. एका साइटवर महिनाभरासाठी फर्निचरसकट खोली मिळते आहे, भाडंही बरं आहे, पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तिथे ‘आनमेल्डुंग’ होणार नाही. घेऊ का? आणि बॅगेत काय भरू, काय नको, तेही सांगा. आई इतवारीतलं अर्धं दुकान उचलून आणायच्या तयारीत आहे.

प्रेषक: मंदार (वेडिंग, बर्लिन)

सायली, शक्यतो ती खोली घेऊ नको. भाड्यात वाचलेले पैसे पुढे दुसऱ्या वाटेने जातात.

आनमेल्डुंग म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ती करायची असते. त्यावर पुढची साखळी उभी आहे: नोंद झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांनी ११ आकडी टॅक्स नंबर टपालाने येतो, तो कंपनीला द्यायचा. तो नसेल तर पगारावर सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड, कर कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण नेमका पहिल्या महिन्यांत हात आखडतो. निवास परवान्याच्या अर्जालाही हाच नोंदणीचा कागद लागतो.

नोंदणीसाठी पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ नावाचा एक पानी कागद लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, इथेच बहुतेकांची गाडी अडते. पोटभाडेकरू म्हणून राहणार असशील तर मूळ भाडेकरू तो कागद देऊ शकतो. म्हणून खोली पक्की करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचार: हा कागद देणार का? ‘बघू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समज. पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणारे’ लोकही भेटतील. जिथे राहायचंच नाही असा पत्ता नोंदणीसाठी दुसऱ्याला देणं बेकायदेशीर आहे आणि देणाऱ्याचा दंड ५०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. त्या वाटेला जाऊच नको.

अपॉइंटमेंट शहरातल्या कुठल्याही ‘ब्युर्गरआम्ट’ची, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयाची, चालते, तुझ्याच भागातली हवी असं नाही. वेळा ऑनलाइन सुटतात आणि कोणी रद्द केल्या की मध्येच दिसतात, म्हणून सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास पान पुन्हा पुन्हा उघडायचं. नागपूरहूनच बुक करून ठेव, फी काही नाही. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की आयकराच्या ९ टक्के चर्च टॅक्स बर्लिनमध्ये सुरू होतो. आपल्याला लागू नाही, पण घाईत चुकीच्या खुणेवर पेन जायला नको.

भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ नुसतं घराचं, ‘वार्ममीटे’ हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वार्ममीटेतही नसतं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि कायद्याने ते तीन मासिक हप्त्यांत देता येतं. घरमालक स्वतःहून हे सांगत नाही. घर न बघता एक युरोही पाठवू नको. ‘मी सध्या परदेशी आहे, पैसे आले की किल्ली कुरियर करतो’ हा फसवणुकीचा जुना साचा आहे, आणि नव्या माणसालाच गाठतात.

प्रेषक: निखिल (नॉयक्योल्न, बर्लिन)

मंदारदादा, मुद्दा बरोबर, पण थोडं सैल सोडा. कागद देणारी खोली लांबून मिळणं सध्या कठीण आहे. पूर्ण पैसे भरून अनोळखी माणसाशी सहा महिन्यांचा करार करण्यापेक्षा महिनाभर बिननोंदणीची खोली परवडली. फक्त ती घेताना चार आठवड्यांत खरं घर शोधायचंच आहे हे डोक्यात पक्कं हवं. तोवर काही ऑनलाइन बँका पासपोर्टवर खातं उघडून देतात, पगार तिथे येऊ शकतो. कर जास्त कापला तर तो मिळतो परत. अडचण त्यांची होते जे एक महिना म्हणून शिरतात आणि तीन महिने तिथेच बसतात.

घर बघायला जाताना एकच पीडीएफ तयार ठेवायची: पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार, असतील तर पगारपत्रकं, आणि जर्मनमध्ये अर्ध्या पानाची ओळख. ‘शूफा’ म्हणजे इथला पत-अहवाल मागतात. नव्या माणसाचा नसतोच, तसं सरळ लिहायचं आणि करार पुढे करायचा. घर बघून झाल्यावर त्याच संध्याकाळी फाइल पाठवायची, दुसऱ्या दिवशी पाठवली तर ती ढिगाऱ्याच्या तळाशी जाते.

बाकी झटपट: आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून हवा. पगार मोठा असेल तर खासगी विम्याचे एजंट मागे लागतील, तरुण माणसाला हप्ताही स्वस्त दिसतो. पण तिथून सरकारी विम्यात परत येणं अवघड असतं, आणि वयाबरोबर हप्ता चढत जातो. माझं मत सरकारीच. डॉक्टर रात्री-रविवारी हवा असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२.

डॉइचलांडटिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. शहरातली मेट्रो, लोकल, ट्राम, बस आणि विमानतळही त्यात येतो. लांबच्या वेगवान गाड्या येत नाहीत. बंद करायचं तर १० तारखेच्या आत कळवायचं, नाहीतर पुढचा महिना लागू. स्टेशनवर फाटक नसतं म्हणून कोणी बघत नाही असं समजू नको, साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात चढतात आणि दंड ६० युरो.

नोंदणी झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावं लागतं. पण ते घरामागे एकदाच असतं, माणसामागे नाही. खोलीसोबती आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणीचा नंबर कळवून मोकळं व्हायचं.

प्रेषक: वैशाली (धरमपेठ, नागपूर)

सायली, आता आईच्या इतवारीच्या यादीबद्दल.

कुकर आणायचाच, पण ॲल्युमिनियमचा नाही. तिकडच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत इंडक्शनची शेगडी असते, आणि साध्या ॲल्युमिनियमच्या बुडाला ती ओळखतच नाही. स्टीलचा, इंडक्शनचं बूड असलेला तीन लिटरचा घे. दुकानात चुंबक सोबत ने, बुडाला घट्ट चिकटलं तर पैसे दे. दुसऱ्या जातीची शेगडी काचेखाली लाल होणारी असते. तिच्यावर ॲल्युमिनियम चालतं, पण बूड सपाट हवं, आणि बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. म्हणून तिथे शेवटच्या शिट्टीआधीच बटण बंद करायचं किंवा कुकर बाजूला सरकवायचा, नाहीतर डाळ बुडाला लागते. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन गॅस्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह बॅगेत टाक. अख्ख्या सामानात सगळ्यात हलकी आणि तिकडे सगळ्यात जास्त शोधावी लागणारी वस्तू हीच.

बर्लिनचं पाणी जड आहे. केटलीत आणि कुकरात पांढरा थर बसतो, तो व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने निघतो. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे तूरडाळ आणि हरभरे शिजायला वेळ घेतात. डाळ तासभर भिजत घाल, हरभऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाक.

डाळी, तांदूळ, कणीक, हिंग नेऊ नको. भारतीय दुकानांत मिळतं. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, पुदिना तुर्की दुकानांत स्वस्त. जवस तर कुठल्याही सुपरमार्केटात ‘लाइनझामेन’ म्हणून असतो, चटणी तिथेच कर. न्यायचं ते आपल्याकडचं: सावजी मसाला, घरचं तिखट, गोडा मसाला, दगडफूल, सांडगे. मसाल्याच्या पिशव्या दुहेरी बंद कर आणि बाहेरून नाव लिही, तपासणीत सोपं जातं.

तूप, खवा, पनीर मात्र नाही. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. बहुतेक ताजी फळं-भाजीही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही, म्हणून संत्र्यांची पिशवी आणि कढीपत्त्याची जुडी नागपुरातच ठेवायची. कढीपत्ता वाळवून नेता येईल का, असं आई विचारेल. वास उरत नाही, जागा वाया.

मिक्सर चालतो, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट. प्लग बदलतो. ७५० वॉटच्या मिक्सरला प्रवासातलं स्वस्त अडॅप्टर लावू नको, तापून वितळतं. अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं घे. चटणी रात्री दहानंतर किंवा रविवारी वाटायची नाही, शेजारी तक्रार करतात आणि नियम त्यांच्याच बाजूने असतो. रविवारी दुकानंही बंद, तेव्हा सगळं शनिवारीच उरकायचं.

आणि फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी पूर्ण उघड. बर्लिनमध्ये खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म सक्तीचे आहेत, मोहरी-मिरचीच्या धुराने ते बोंबलतात. हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. नुसती तिरपी ठेवली तर भिंत गार पडते, कपड्यांची ओल तिथे धरते, बुरशी येते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

प्रेषक: सायली

ताई, आईला वाचून दाखवलं. तूप परत कपाटात गेलं.

अजून एक. पासपोर्टवर एका रकान्यात माझं आणि बाबांचं नाव, दुसऱ्यात आडनाव. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. तिकडे कुठलं लिहायचं?

प्रेषक: मंदार

पासपोर्टवर जसं आहे तसंच, सगळीकडे. बाबांचं नाव तुझ्या पहिल्या नावाचा भाग धरलं जाईल, धरू दे. बँकेत ते गाळलं, विम्यात लिहिलं, असं करू नको, पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसावं लागतं. या मेल-गटातल्या इतरांसाठी: पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर निघायच्या आधी नागपुरातच दुरुस्त करून घ्या, इकडून फार किचकट जातं.

नावाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच. आपल्याकडे ‘हनुमान मंदिराच्या मागे, पिवळी बिल्डिंग’ लिहिलं आणि पोऱ्याने फोन केला की काम होतं. इथे पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव बघतो, नसलं की पत्र परत. टॅक्स नंबर, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, बहुतेक सगळं टपालानेच येतं. म्हणून किल्ली मिळाली त्याच दिवशी बेल आणि पेटी, दोन्हीवर आडनाव चिकटव. पाटी इमारतीचा केअरटेकर बनवून देतो, पण त्याला आठवडे लागतात, तोवर कागद आणि सेलोटेप चालतो. दुसऱ्याच्या घरात राहत असशील तर पत्त्यात ‘बाय’ (bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) लिहून पेटीवरचं आडनाव घालायचं.

किल्लीवरून आठवलं: बहुतेक फ्लॅटच्या दाराला बाहेरून मूठ फिरत नाही, दार ओढलं की बंद. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. रविवारी कुलूपवाला बोलावला तर तो अव्वाच्या सव्वा मागतो. किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. ‘हाफ्टफ्लिष्ट’, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, घेताना त्यात किल्ली धरली आहे का ते विचारून घे.