जाळीच्या दाराची अ‍ॅल्युमिनियम चौकट: वेल्डिंगशिवाय कोपरे कसे जोडावेत?

गुण्या_ओळंबा
२१०० × ८०० मिमीचं जाळीचं दार करायचंय. पाइप चौकोनी, २५ × २५, जाडी १.२ मिमी, अ‍ॅनोडाइज केलेला. टिग (आर्गॉन वेल्डिंगचं) मशीन घ्यायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम जोडायच्या कांड्या (फ्लक्स, म्हणजे धातूवरची साय काढणारं रसायन, नसलेल्या) आणि एलपीजीची टॉर्च आणली. कांडी वितळते, पण पाइपावर पसरत नाही, गोळ्या होऊन घरंगळते. एका तुकड्याला तर भोकच पडलं, लाल वगैरे काही न होता. चुकतंय कुठे? शिवाय मोटरसायकलच्या फुटरेस्टचा ओतीव ब्रॅकेट तडकलाय. तोही याच कांडीने होईल का?

कानसवाला
ब्रॅकेट आधी निकालात काढू: नाही. त्यावर माणसाचा भार येतो आणि सतत हादरे बसतात. सरळ आर्गॉनवाल्याकडे न्या, नाहीतर नवा घ्या. शिडी आणि कुकरलाही हाच नियम.

आता गोळ्या का होतात ते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांच्या वर. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे हीच साय मुद्दाम जाड केलेली. ती असेपर्यंत कांडी धातूला शिवतच नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जोडाच्या आजूबाजूला १५-२० मिमी पट्टा चकचकीत पांढरा होईपर्यंत घासा. मग स्टेनलेसच्या तारेचा नवा ब्रश मारा. लोखंडावर वापरलेला ब्रश नको. अ‍ॅसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडू द्या. ब्रेक क्लीनर वापरू नका. त्यात क्लोरीनवालं द्रावण असलं तर आचेवर विषारी वायू होतो.

दुसरी गोष्ट, ज्योत कांडीवर धरायची नाही. या कांड्या बहुधा जस्ताच्या असतात, त्या साधारण ३८०-४०० अंशांना वितळतात. पाइप तापवा, ज्योत सतत हलती ठेवा, मधूनमधून ज्योत बाजूला करून कांडी टेकवून बघा. पाइपाच्या उष्णतेने वितळली तर तापमान जमलं. पसरली नाही तर वितळलेल्या थेंबाखालून स्टेनलेसच्या सळीने खरवडा. हवा न लागता खालची साय फुटते आणि थेंब एकदम पाण्यासारखा पसरतो. फ्लक्स नसलेल्या कांडीत सगळी मेख या खरवडण्यात आहे. काम झालं की पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या.

भोक पडलं कारण अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. अंदाजासाठी अंगाच्या साबणाची रेघ ओढा. ती काळपट पडली की आच बास. खिडक्या-दारं उघडी ठेवा, जस्ताचा धूर वाईट.

रिवेट_४८
कानसवाल्यांचं बरोबर आहे, पण या दारासाठी कांडी हे चुकीचं हत्यार. १.२ मिमीच्या भिंतीला टोकाला टोक जोडलं तर चिकटायला जागा उरते किती? त्यात बाजारातला असा पाइप बहुतेक ६०६३ या मिश्रधातूचा असतो. आच लागली की त्याचा कडकपणा जातो, आणि दाराचा सगळा ताण नेमका कोपऱ्यावर.

कोपऱ्यात आतून एल अँगल घ्या, २ मिमी जाडीचा, १९ मिमी रुंद कापलेला, प्रत्येक बाजू ४० मिमी. दर बाजूला दोन पॉप रिवेट, म्हणजे चार कोपऱ्यांना १६. अँगल २ आणि पाइपाची एक भिंत १.२ मिळून ३.२ मिमी. त्यात रिवेटच्या व्यासाएवढी भर, म्हणजे ४ × ८ चा (व्यास ४, लांबी ८ मिमी) रिवेट बसतो. भोक ४.१ मिमीचं. ४.५ पाडलंत तर रिवेट भोक पूर्ण भरत नाही आणि दार महिन्याभरात खुळखुळायला लागतं. काठापासून ८ मिमी आत राहा, आधी सेंटर पंच मारा. भोक पाडल्यावर अँगल काढून दोन्हीकडची बर (भोकाच्या कडेला उठलेली धार) काढा. बर राहिली की अँगल टेकतच नाही.

चारही कोपऱ्यांना दर बाजूला एकेकच रिवेट मारून कर्ण मोजा. या मापाला दोन्ही २२४७ मिमीच्या आसपास आले पाहिजेत. मग उरलेले मारा. उलटं केलंत तर दार कायमचं पतंगासारखं. मध्ये एक आडवा पाइप द्याच.

गुण्या_ओळंबा
रिवेटऐवजी नुसतं अ‍ॅराल्डाइट लावलं तर? दार रत्नागिरीच्या घराला बसणार आहे, समुद्राचं वारं थेट येतं.

कानसवाला
नुसतं नको. इपॉक्सी सरकण्याचा ताण छान पेलते, सोलण्याचा नाही, आणि दार आपटलं की कोपरा सोलायलाच बघतो. पण अँगलखाली लावून वर रिवेट मारलेत तर जोड दुप्पट भरवशाचा. साधं २४ तासांचं घ्या, पाच मिनिटांवालं नको. ते उन्हात लवकर मऊ पडतं. दोन्ही ट्यूबमधून सारखं-सारखं काढा. पेपर मारल्यावर अर्ध्या तासात लावा, नंतर साय परत धरते. सगळं पिळून बाहेर येईल इतकं दाबू नका, पातळसा थर राहायला हवा.

रिवेट_४८
रत्नागिरी म्हणजे रिवेटही बघून घ्या. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम रिवेटच्या आतली खिळी लोखंडी असते. तुटलेलं टोक आत राहतं आणि गंजाचे ओघळ दिसू लागतात. खिळीसकट अ‍ॅल्युमिनियमचे मागा. खात्री करायला खिळीला चुंबक लावा. बिजागरी स्टेनलेसची असेल तर खाली नायलॉनची चकती किंवा त्याच इपॉक्सीचा हात द्या. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू थेट टेकले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. आणि खालच्या आडव्या पाइपाला तळाशी ५ मिमीची दोन भोकं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी आत साठून राहील.