सल्ला हवा: जज घ्यावं की गव्हर्नर? (.४१० ची, म्हणजे छोट्या शॉटगनची छर्ऱ्यांची काडतुसं उडवणारं रिव्हॉल्व्हर)

हिलकंट्रीकर

नमस्कार मंडळी. टेक्सासात सॅन अँटोनिओच्या उत्तरेला, शहराच्या हद्दीबाहेर जागा घेतली आहे. बारा एकर म्हणायला, त्यातलं निम्मं चुनखडीचे दगड आणि सीडरची झुडपं. पाण्याच्या टाकीखाली, लाकडांच्या ढिगाऱ्यात रॅटलस्नेक निघतात. डायमंडबॅक, चांगले मनगटाएवढे जाड. शेजारचे आजोबा कमरेला टॉरस जज लावूनच कुंपण तपासायला निघतात. "एका बारात काम होतं, नेम धरावा लागत नाही," असं त्यांचं म्हणणं.

दुकानात गेलो तर विक्रेत्याने स्मिथ अँड वेसनचं गव्हर्नर पुढे केलं. किंमत जवळजवळ दुप्पट. इंटरनेटवर पाहावं तर अर्धे लोक म्हणतात याहून उपयोगी वस्तू नाही, अर्धे म्हणतात खेळणं आहे. सापांसाठी हवं आहे, आणि रात्रीबेरात्री घराच्या रक्षणालाही तेच चालावं अशी इच्छा आहे. ग्रीनकार्ड आहे. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. याआधी फक्त मित्राच्या ९ एमएमने रेंजवर गोळ्या उडवल्या आहेत.

बायकोचं मत: आधी गुडघ्यापर्यंतचे बूट घ्या.

एक_नेम

वहिनींचं मत पहिल्या क्रमांकावर ठेवा, मग पुढे वाचा.

या रिव्हॉल्व्हरांची सगळी गोम नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचांत आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे गुळगुळीत नळीची, छर्ऱ्यांची काडतुसं उडवणारी छोटी हातबंदूक साध्या पिस्तुलासारखी विकता येत नाही. तिची वेगळी नोंदणी लागते. म्हणून कारखानदार नळीत आटे पाडतात आणि .४१० बरोबर .४५ कोल्टची गोळीही चालेल असं चेंबर (काडतूस बसायची पोकळी) करतात. झालं, कायद्याच्या नजरेत ते साधं रिव्हॉल्व्हर. पण आटे गोळीला फिरवण्यासाठी असतात. छर्ऱ्यांचा पुंजका त्यातून गेला की तोही गरगरतो आणि नळीबाहेर पडताच चौफेर पांगतो. थोडं अंतर गेलं की मधोमध रिकामं आणि कडेने छर्रे अशी चकली तयार होते. साप त्या मधल्या भोकात बसला तर तुम्ही बार काढला एवढंच.

उलट बाजूने .४५ कोल्टची रड. चेंबर अडीच किंवा तीन इंचांचं, आणि .४५ कोल्टचं काडतूस त्यात अर्ध्यावरच संपतं. गोळी आट्यांना भिडण्याआधी इंचाहून जास्त अंतर मोकळीच धावते. अचूकपणा तिथेच सांडतो. म्हणजे शॉटगन म्हणून अर्धवट, रिव्हॉल्व्हर म्हणूनही अर्धवट.

ही अडचण सुटत नाही असं नाही. थॉम्पसन सेंटरच्या काँटेंडर पिस्तुलाला .४५/.४१० ची नळी मिळायची, तिच्या तोंडाशी सरळ खाचांचा चोक (तोंडावर बसणारं छोटं नळकांडं) लावायचा. छर्ऱ्यांची गरगर तो मोडून काढायचा, आणि गोळी मारायची असेल तर चोक काढून ठेवायचा. पण ते एकबारी पिस्तूल, कमरेला लावून कुंपण तपासायची वस्तू नव्हे.

माझा सल्ला: .३५७ चं चार इंची रिव्हॉल्व्हर घ्या, रूगर जीपी १०० सारखं. त्यात .३८ ची काडतुसं चालतात. सीसीआय कंपनीची छर्ऱ्यांची .३८ काडतुसं मिळतात, पहिली दोन घरं त्यांनी भरा, बाकीची साध्या गोळ्यांनी. साप, घर, रेंज, तिन्ही कामं होतील.

ट्रॅक्टरवाला

एक_नेम साहेबांचं गणित बरोबर आहे, पण ते कागदावरचं. मी अबिलीनजवळ राहतो, जज बरीच वर्षं ट्रॅक्टरवर आहे. साप कधी दहा यार्डांवरून मारतो का माणूस? दहा यार्डांवर असेल तर मी ट्रॅक्टर वळवून निघून जातो. प्रश्न येतो तो दोन-तीन मीटरवर. झाकण उचललं आणि खाली वेटोळं. तिथे .४१० चे ९ नंबरचे छर्रे जेवणाच्या ताटाएवढे पसरतात आणि त्यात भोकबिक काही नसतं.

आणि .३८ च्या छर्ऱ्यांच्या काडतुसात माल किती? सहा-सात ग्रॅम. .४१० च्या अडीच इंची काडतुसात अर्धा औंस, म्हणजे चौदा ग्रॅम. दुपटीचा फरक आहे. हे साहेब सांगायचे विसरले.

जज की गव्हर्नर म्हणाल तर: जज पाचबारी, गव्हर्नर सहाबारी. गव्हर्नरचा सांगाडा स्कँडियम मिश्रधातूचा, वजन साधारण ८४० ग्रॅम. शिवाय काडतुसं धरून ठेवणाऱ्या चकत्या लावून पिस्तुलाचं .४५ एसीपी काडतूस पण चालतं, जे .४५ कोल्टपेक्षा बरंच स्वस्त आणि कुठेही मिळतं. पण गव्हर्नरचं चेंबर अडीच इंचीच. जज तीन इंची चेंबरमध्येही येतं, मग ते पोलादी असेल तर किलोभर होतं. तीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये घालायचं नाही, हे शेजारच्या आजोबांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यावर, तोंड उघडल्यानंतरची. न उडालेलं आत बसल्यासारखं वाटलं म्हणून ते चालतं असं नाही.

एक_नेम

चौदा ग्रॅम मान्य. पण निम्मे छर्रे ताटाबाहेर गेले तर माल जास्त भरून काय साधलं?

सनीव्हेलचा_बाळू

कॅलिफोर्नियावाल्यांनी हा धागा नुसता वाचावा. आमच्याकडे १८ इंचांपेक्षा आखूड नळीतून शॉटगनचं काडतूस उडत असेल तर ती आखूड शॉटगन धरतात, आटे असोत नसोत. जज, गव्हर्नर दोन्ही बाद. तुमच्या शेजारच्या आजोबांना मुलीकडे सॅन डिएगोला जायचं असेल तर कमरेचं घरी ठेवून जायला सांगा.

नवा_भिडू_डॅलस

थोडं अवांतर. मी एच-१बी वर आहे. टेक्सासमध्ये आता परवाना न काढताही बंदूक बाळगता येते म्हणतात. मग मलाही घेता येईल ना?

एक_नेम

नाही, भाऊ, थांब. परवान्याविना बाळगायची मुभा टेक्सासने २०२१ च्या सप्टेंबरपासून दिली, ती ज्याला मुळात बंदूक ठेवता येते त्यालाच. एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा, आणि अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूस बाळगायलाही केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या लोकांमध्ये चर्चेत असतो तो शिकारीच्या परवान्याचा. इथल्या एखाद्या राज्याचा वैध हंटिंग लायसन्स असेल तर बंदी लागू होत नाही. पण त्या लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक घरातच राहिली की तोच केंद्राचा गुन्हा, आणि पुढे ग्रीनकार्डाची फाईल आहेच. रेंजवर मित्राची बंदूक हातात घेण्यालाही हेच लागू. वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नकोस.

हिलकंट्रीकर, तुमचा प्रश्न नाही. ग्रीनकार्डवाल्याला दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ चा फॉर्म भरून घेता येतं, कार्ड बरोबर न्या.

कुडाळचे_बापूकाका

तुमच्या अमेरिकेतलं मला काही कळत नाही, पण छर्रे कळतात. आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बाराबोर वडिलांच्या काळापासून आहे. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, संपली की सोडवून आणायची, त्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं. वानरांना पळवायला नुसता बार पुरतो.

छर्ऱ्यांची करामत लांब, गुळगुळीत नळीत असते. नळी लांब म्हणून पुंजका एकत्र राहतो, आणि दस्ता खांद्याला टेकलेला म्हणून हात हलत नाही. तुम्ही नळी वीतभर केलीत, दस्ता काढून टाकलात, आत आटे पाडलेत, आणि वर म्हणता नेम धरावा लागत नाही? मग बाराबोर घ्या की. तिकडे तर आमच्यासारखी दहा ठिकाणी सही-शिक्क्याची कटकट नाही.

ट्रॅक्टरवाला

काका, अगदी खरं. पण एका हातात तारेचं भेंडोळं आणि दुसऱ्या हातात पक्कड असताना खांद्यावरची बाराबोर कुठे ठेवू? जज कमरेला असतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

निशिगंधा_ऑस्टिन

सगळे बंदुकीवर बोलताय, सापावर कुणीच नाही म्हणून लिहिते. मी इथे एका इस्पितळात इमर्जन्सी विभागात नर्स आहे.

अमेरिकेत वर्षाला साधारण ७ ते ८ हजार लोकांना विषारी साप चावतात, त्यात मृत्यू पाचच्या आसपास. बरेच दंश सापाला मारायला किंवा उचलायला गेल्यावर होतात. रॅटलस्नेकची झेप त्याच्या लांबीच्या साधारण निम्म्यापर्यंत. चार फुटी साप असेल तर तुम्ही सहा फुटांवर सुरक्षित आहात, आणि सहा फुटांवरून मागे फिरता येतं. दोन मीटरवरून बार काढायला थांबता, तेव्हा तुम्ही ज्या अंतरावरून निघून जाऊ शकत होता तिथेच उभे राहता.

आणि मेलेला साप मेला असं समजू नका. २०१८ मध्ये टेक्सासमध्येच, कॉर्पस क्रिस्टी तलावाजवळ एका माणसाने रॅटलस्नेकचं डोकं फावड्याने उडवलं, मग उचलायला गेला, तर तुटलेलं डोकंच चावलं. त्याला प्रतिविषाचे २६ डोस द्यावे लागले.

तिसरी गोष्ट, चुनखडीच्या दगडावर बारीक छर्रे उसळतात. डोळ्यांवर चष्मा नसेल तर बार काढूच नका. गवतातून फुसकारणारा आणि शेपटी वाजवणारा प्रत्येक साप रॅटलर नसतो, बुलस्नेकही तसंच सोंग करतो आणि तुमचे उंदीर खातो.

लाकडांचा ढीग घरापासून लांब न्या, जमिनीपासून हातभर वर रचा. कोंबड्यांचं खाद्य सांडू देऊ नका, उंदीर गेले की साप कमी होतात. लांब दांड्याचा चिमटा शंभर डॉलरच्या आत मिळतो, वापरायला कुणाकडून तरी शिकून घ्या. नाहीतर साप नेणारे स्वयंसेवक बऱ्याच काउंटींत (इथल्या जिल्ह्यांत) आहेत, फोन केला की येतात.

एक_नेम

ताई, मान गए. तरी घराच्या रक्षणाचा मुद्दा राहिलाच, आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. "सापालाही आणि चोरालाही" या भरवशावर लोक जजमध्ये बारीक छर्रे भरून उशाशी ठेवतात. ९ नंबरचा छर्रा माणसाच्या अंगात खोल जात नाही. एफबीआयच्या कसोटीत गोळी जिलेटिनमध्ये (शरीराच्या मांसाऐवजी वापरतात ते) किमान १२ इंच शिरावी लागते, बारीक छर्रे त्याच्या जवळपासही जात नाहीत. रात्री तीन वाजता समोरच्याला चिडवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

ट्रॅक्टरवाला

त्यासाठी वेगळी काडतुसं निघाली आहेत. फेडरलचं अडीच इंची ट्रिपल-झीरो, चार गोळ्या, प्रत्येक नऊ मिलिमीटरची. हॉर्नाडीच्या काडतुसात पुढे एक गोळी आणि मागे दोन गोल. विंचेस्टरचं पीडीएक्स आहे, तीन चपट्या चकत्या आणि बारा बीबी, म्हणजे छोटे गोल छर्रे. एका चापात चार भोकं पडतात. हे खेळणं म्हणत असाल तर म्हणा.

एक_नेम

खेळणं नाही म्हणत. फेडरलची ती चार चांगलीच आहेत, घराच्या आतल्या अंतरावर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण चार गोळ्यांतल्या दोन लागल्या तर उरलेल्या दोन कुठे गेल्या, हे त्या भिंतीपलीकडे झोपलेल्या मुलीच्या बापाला विचारायला हवं. प्रत्येक गोळीची जबाबदारी उडवणाऱ्याची. मला एकच गोळी आवडते, ती कुठे जाईल हे माहीत असतं. आणि तीही लागायला सराव हवा. .४१० ची संरक्षणाची काडतुसं एकेक डॉलरहून महाग, त्यांनी सराव कोण करतो? जजवाल्यांमध्ये डबा कपाटात आणि पाच काडतुसं बंदुकीत, असेच जास्त पाहिले आहेत.

ट्रॅक्टरवाला

सराव मी .४५ कोल्टने करतो. तुमचा इंचभर सांडलेला अचूकपणा धरूनही पाव एकरातल्या डब्याला लागते. जास्त काय पाहिजे?

सनीव्हेलचा_बाळू

पाव एकरात डबा किती मोठा ते सांगितलं नाही.

हिलकंट्रीकर

सगळ्यांचे आभार, दोन्ही बाजू जोरदार आहेत. सगळं वाचून असं वाटतंय:

घरासाठी आणि सापासाठी एकच वस्तू हा हट्ट सोडतो. घरासाठी .३५७ चं चार इंची रिव्हॉल्व्हर, बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत. टेक्सासात मुलांच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ठेवली नसती. सापासाठी निशिगंधाताईंचा चिमटा, लाकडाचा ढीग हलवणं आणि बायकोचे बूट. बूट दोघांचेही आले आहेत, तिचे माझ्याहून महाग आहेत. जज अजून डोक्यातून गेलेलं नाही, शेजारचे आजोबा रविवारी त्यांच्या आवारात हाताळायला देणार आहेत.

एक शंका: आमची जागा काउंटीत आहे, गावाच्या हद्दीत नाही. तिथे बार काढायला काही आडकाठी?

ट्रॅक्टरवाला

काउंटीचा नियम बघा. प्लॉट पाडलेल्या वसाहतीत दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर गोळीबाराला बंदी घालायचा अधिकार काउंटीला आहे. तुमचे बारा, म्हणून बहुधा सुटलात, पण आजोबांचे किती एकर ते विचारा. कानाला प्लग आणि वर मफ दोन्ही लावा, आखूड नळीचा आवाज टोचतो. शहरातल्या बंद रेंजवर न्यायचा विचार असेल तर आधी फोन करा, बऱ्याच ठिकाणी छर्रे चालत नाहीत, निशाणाचे कागद अडकवायची त्यांची टांगणी खराब होते.

एक_नेम

आणि रविवारी जाताना बरोबर मोठे कागद न्या. वर्तमानपत्राची पूर्ण पानं चालतील. आधी तीन मीटरवरून एक बार, मग पाच, मग सात, प्रत्येकाला नवं पान, कोपऱ्यात अंतर लिहून ठेवायचं. आजोबांना त्यांच्या नेहमीच्या काडतुसानेच मारायला सांगा, वेगळ्या छर्ऱ्याने चित्र बदलतं. पानांचे फोटो इथे टाका, ट्रॅक्टरवाल्यांचं ताट आणि माझी चकली दोन्ही दिसतील.

ट्रॅक्टरवाला

टाका. तीन मीटरचं पान आधी.