पानवलच्या पुलाचं लेगो मॉडेल: गाळ्याला झोळ येतोय, खांब डुलतोय, काय करू?

पूलवेडा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय त्यामुळे थोडं लांबेल. मी मूळचा रत्नागिरीकडचा, सध्या पुण्यात. पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल बऱ्याच जणांनी खिडकीतून बघितला असेल, ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. नव्वदच्या दशकात त्याचं काम चालू होतं तेव्हा आमचे बाबा रविवारी सायकलवरून नुसतं बघायला जायचे आणि घरी येऊन सांगायचे की गर्डर (पुलाची तुळई) एका टोकाला ओततात आणि तिथूनच पुढे ढकलत नेतात, खालून परांची नाहीच. ते माझ्या डोक्यात इतकं बसलंय की हा पूल लेगोच्या विटांनी करायचाच असं ठरवलं. मे महिन्यात गावच्या वाचनालयात ठेवायचाय, बाबांना दाखवायचाय.

आधी गणित मांडलं. लेगोच्या दोन रुळांमध्ये साधारण ३७.५ मिमी, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे स्केल १:४५ च्या आसपास. त्या हिशोबाने सगळ्यात उंच खांब १ मीटर ४२ सेंमी आणि पूल साडेनऊ मीटर! घरात शक्य नाही आणि खिशालाही नाही. म्हणून फक्त तीन गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग) घेतले, खांब ६२ थरांचा म्हणजे ६० सेंमीला थोडा कमी, आणि एक गाळा ४८ स्टडचा (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा), त्यावर १६ स्टडचे तीन सरळ ट्रॅक बरोब्बर बसतात.

आता अडचण. डेक, म्हणजे रूळ ज्यावर बसतात तो भाग, मी ८ स्टड रुंद केलाय, वर प्लेट (पातळ वीट) खाली प्लेट आणि मध्ये विटेचा एक थर, एकूण जाडी १६ मिमी. आठवड्याभरात मधोमध ५ मिमी झोळ आला, इंजिन ठेवलं की अजून खाली जातो. खांब ४ बाय ४ चे आहेत, लांबून सुंदर दिसतात पण टेबलाला धक्का लागला की डुलतात आणि एक तर सरळ सरळ कललाय. गेल्या शनिवारी रात्री दुसऱ्या टेबलावर हलवताना मधला गाळाच मोडला, रात्री एकपर्यंत सोफ्याखालून विटा गोळा करत होतो. कठडा मात्र मस्त झालाय, प्लेटा उभ्या करून दोन स्टडच्या मधल्या फटीत खुपसल्यात. बाहेरून बघणारा प्रत्येक जण वा वा करतो पण मला माहितीये की आतून हे कच्चं आहे. कुठून सुरुवात करू?

सांधेमोड

पूलवेडा, विषय माझ्या जिव्हाळ्याचा काढलात. ३४ वर्षं पुलांच्या कामावर काढली, आता नातवंडांबरोबर लेगो. एकच विचारतो, खालच्या प्लेटांचे सांधे कुठे येतात? आणि वरच्या प्लेटांचे? आणि मधल्या विटांचे?

पूलवेडा

काका, आत्ता उठून बघितलं. तिन्हीचे १६ व्या आणि ३२ व्या स्टडवर. ट्रॅकचे जोडही तिथेच. १६ च्या प्लेटा होत्या म्हणून तसंच लावत गेलो.

सांधेमोड

मग झोळ येणारच, आणि मोडला तोही सांध्यावरच मोडला असणार. म्हणजे तुमचा गाळा ४८ स्टडचा एक तुळईचा तुकडा नाहीच, १६-१६ चे तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत आणि वरून ट्रॅकने कसेबसे धरलेत. कुठल्याही गवंड्याला विचारा, विटेचा पहिला नियम सांधेमोड, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. भिंतीत हे पाळलं नाही तर तडा जातो, तुळईत पाळलं नाही तर पडते.

का ते सांगतो. गाळ्यावर भार आला की वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाबाला लेगो भलताच दणकट. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ साली २ बाय २ ची वीट प्रेसमध्ये दाबून बघितली होती, ४३० किलोच्या आसपास वजन घेतल्यावर ती वितळल्यासारखी बसली. म्हणजे तुमचा खांब चिरडला जाण्याची काळजी सोडा. पण ताण आला की एका शेजारी एक ठेवलेल्या दोन विटांना एकत्र धरणारं काहीच नसतं, त्यांना धरते ती वरची किंवा खालची वीट जी दोघींवर पसरलीये. तीच नसेल तर सांधा उघडणार. काँक्रीटचंही हेच दुखणं, ताण सोसत नाही, म्हणून पानवलसारख्या पुलात आतून पोलादी केबल ताणून गर्डर आधीच दाबून ठेवतात, त्यालाच प्रीस्ट्रेस म्हणतात.

तर खालच्या प्लेटा दोन थरांत घ्या, दुसरा थर ८ स्टड सरकवून. आणि डेकची जाडी वाढवा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. पण अट आहे, थर एकमेकांवर घसरता कामा नयेत आणि सुटता कामा नयेत, नाहीतर आठपट सोडा दुप्पटच मिळेल. घसरणं स्टड चांगलं अडवतात. सुटणं मात्र नाही.

दुसरं, तीन गाळ्यांचे तीन वेगळे डेक केलेत का? मूळ पूल अखंड गर्डरचा आहे, तुमच्या बाबांनी जे पाहिलं ते त्यासाठीच. अखंड ठेवलात तर शेजारचा गाळा मधल्या गाळ्याला उचलून धरतो आणि झोळ आपोआप कमी होतो.

टेक्निकताई

काकांचं सगळं पटलं. ते थर सुटण्याचं म्हणाले ना त्यावर लेगोतच छान उत्तर आहे आणि मला वाटतं मॉडेल करणाऱ्यांपैकी निम्मे लोक ते वापरतच नाहीत कारण टेक्निक (लेगोचे भोकं, पिना, गिअरवाले तुकडे) म्हटलं की त्यांना गिअर आणि गाड्याच आठवतात.

बघ, वीट ९.६ मिमी उंच, प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेटा म्हणजे एक वीट. स्टडचं अंतर ८ मिमी. आता भोकाची टेक्निक वीट घे, त्यावर दोन प्लेटा, त्यावर पुन्हा भोकाची वीट. खालच्या भोकापासून वरच्या भोकापर्यंत ९.६ अधिक ६.४ म्हणजे १६ मिमी, बरोब्बर दोन स्टड! म्हणजे बाहेरून ३ भोकांचा बीम उभा लावायचा, वरच्या आणि खालच्या भोकात काळ्या घर्षणाच्या पिना, झालं. आता तो थर वरून ओढून काढता येतच नाही, पिन मोडेल तेव्हाच सुटेल. मी पहिल्यांदा हे जमवलं तेव्हा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती पिळून बघत होते, जराही करकर नाही.

तुझ्यासाठी: सगळ्यात खाली एक प्लेट, मग भोकाची वीट, दोन प्लेटा, भोकाची वीट, वर एक प्लेट. एकूण १० प्लेटांची उंची, ३२ मिमी. आत्ताच्या १६ च्या दुप्पट, म्हणजे ताठपणा कितीतरी पट. काका खाली दोन थर म्हणतायत, पण मधल्या दोन प्लेटा आणि पिना आहेत तर एक पुरेल, फक्त सांधे प्रत्येक थरात वेगळ्या ठिकाणी हवेत. भोकाच्या विटा फक्त दोन कडांना लाव, मध्ये पोकळ राहू दे. बॉक्स गर्डरच होतो तो, खऱ्या पुलासारखा, आणि वजनही वाढत नाही. प्रत्येक ८ स्टडवर एक उभा बीम पुरे.

आणि तो कठडा काढ रे प्लीज. दोन स्टडमधली फट कागदावर ३.२ आणि प्लेटची जाडीही ३.२, म्हणून बसते असं वाटतं, पण ती दाबून बसते आणि दोन्ही तुकड्यांवर कायमचा ताण राहतो. लेगोचे स्वतःचे डिझायनर सेटमध्ये हे करत नाहीत. आज मस्त दिसतंय, काही महिन्यांनी पांढरी रेघ उमटेल आणि मग तडा. क्लिपच्या प्लेटा आणि आडव्या दांड्या वापर, कठड्यासारखं जास्त दिसतं आणि कुणाला छळतही नाही.

भिंगरी

खांबांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ४ बाय ४ म्हणजे ३२ मिमी बुंधा आणि उंची ६०० मिमी, जवळजवळ एकोणीसपट सडपातळ. त्यात तुम्ही बहुतेक २ बाय ४ च्या दोन दोन विटा प्रत्येक थरात एकाच दिशेने लावल्यात, बरोबर? मग ते दोन वेगळे उभे मनोरे होतात, एकमेकांना चिकटलेलेच नाहीत.

६ बाय ६ करा, चार विटा भिंगरीसारख्या लावा. पहिली वीट पुढच्या कडेला डावीकडून, दुसरी उजव्या कडेला पुढून, तिसरी मागच्या कडेला उजवीकडून, चौथी डाव्या कडेला मागून. मधोमध २ बाय २ चं भोक राहतं. पुढच्या थरात भिंगरी उलटी फिरवा. प्रत्येक उभा सांधा वरच्या विटेने झाकला जातो, कुठेही कापाकापी नाही, एकच प्रकारची वीट. एका खांबाला ६२ गुणिले ४, म्हणजे २४८ विटा. २ बाय ४ ची वीट सव्वादोन ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे खांब पावणेसहाशे ग्रॅम. मधल्या भोकात टेक्निक अ‍ॅक्सल वगैरे काही घालायची गरज पडत नाही, मी न घालताच मीटरभर उंच केलाय.

बुंध्याला पायऱ्या द्या. आपल्या देवळासमोरची दीपमाळ बघा, वर निमुळती आणि खाली केवढा चौथरा. सगळ्यात खालचे चार थर १० बाय १०, मग ८ बाय ८, मग खांब. आणि पातळ बेसप्लेटवर उभं करू नका! तिला खालून नळ्या नसतात, ती लवते, आणि पायात एक मिमी लवली की ६० सेंमीवर किती होतं ते तुम्हीच मोजा. नेहमीच्या प्लेटांचे दोन थर आडवे-उभे लावून पाया करा, तो जाड एमडीएफच्या (लाकडी भुशाच्या) फळीवर पक्का बसवा. रोज दहा थर झाले की दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरा. कललेला खांब वरून दाबून सरळ होत नाही, खाली जिथे वीट पूर्ण बसली नाही तिथपर्यंत उतरावंच लागतं.

आंबाघाट

पुण्याहून कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी, हा रस्ता मी मॉडेल घेऊन तीनदा केलाय म्हणून सांगतो. अखंड डेक अखंड नेऊ नको, ११५ सेंमीचा तुकडा गाडीत बसला तरी वळणावर पिळवटतो. तुकडे कर.

अजून एक, विटा सगळ्या एकाच कंपनीच्या आहेत का? मी एकदा स्वस्तातल्या दुसऱ्या विटा आत भरल्या, दिसत नाहीत म्हणून. लेगोची ४ स्टडची वीट ३२ ची नसते, ३१.८ मिमी असते, दोन्हीकडे ०.१ सोडलेलं असतं. त्या दुसऱ्या विटा केसभर मोठ्या होत्या. एक वीट हातात घेऊन काहीच कळत नाही, पण ४८ स्टडमध्ये बारा विटा शेजारी आल्या की पूर्ण पट्टी केळ्यासारखी वाकली. सगळं उसवलं परत. आतलं दिसत नाही म्हणून तिथे कमी प्रतीचं घालायचं हे मी तेव्हापासून बंद केलं.

आणि मे महिना आहे. लेगोचं एबीएस प्लास्टिक उन्हात फुगतं. एवढ्या लांबीला २० अंशांच्या फरकाने दीड-दोन मिमी. दोन्ही टोकं स्टडने घट्ट धरलीस तर खांब ढकलले जातील. एका टोकाला खांबाच्या डोक्यावर टाइल (वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट) लाव, डेक त्यावर नुसता टेकू दे, सरकायला जागा. खऱ्या पुलालाही बेअरिंग याचसाठी असतात.

सांधेमोड

आंबाघाटांनी तुकडे करायला सांगितलं ते बरोबर, पण कुठे करायचे ते महत्त्वाचं. गाळ्याच्या मधोमध नको आणि खांबाच्या डोक्यावरही नको. अखंड तुळईत मधोमध खालची बाजू ताणली जाते, खांबावर वरची बाजू ताणली जाते, आणि या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी येते की वाक जवळजवळ नसतोच. साधारण पाव गाळ्यावर. तुमच्या ४८ मध्ये खांबापासून १२ व्या स्टडवर जोड घ्या. ट्रॅकचा जोड १६ वर आहे, तो यावर येत नाही, उत्तम.

पूलवेडा

तीन आठवड्यांनी लिहितोय, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात. पूर्ण उसवलं आणि पहिल्यापासून केलं.

खांब भिंगरीचे झाले. पहिला खांब तिसाव्या थराला ओळंब्यातून दोन मिमी बाहेर गेला, उतरत गेलो तर अकराव्या थरात एक वीट एका कोपऱ्यात अर्धवट बसली होती. आता टेबल हलवलं की पुलाआधी टेबलच हलतं. डेक ताईंनी सांगितला तसा १० प्लेटांचा, पिना घातलेला. इंजिन आणि दोन डबे मधल्या गाळ्यात चार दिवस ठेवले, खाली पट्टी धरून मोजलं, अर्धा मिमीसुद्धा नाही. जोड १२ व्या स्टडवर घेतले, एकेका जोडाला चार पिना. टाइलचं टोक ठेवलंय मडगावकडच्या बाजूला. कठडा क्लिपांचा केला.

एकच गोष्ट मनात येते, ३२ मिमीचा डेक आधीच्यापेक्षा जाड दिसतो. बायको म्हणाली की आता तो खरा पुलासारखा दिसतो, आधी पट्टी ठेवल्यासारखा दिसायचा. खालच्या प्लेटेला गडद राखाडी आणि वरच्या भागाला फिकट राखाडी घेतलं तर सडपातळ दिसेल का? कुणी करून बघितलंय?

टेक्निकताई

दिसेल, पण थोडा बदल कर. फक्त वरची कड फिकट ठेव आणि एक स्टड बाहेर काढ, खालचं सगळं गडद. वरच्या कडेची सावली खालच्या भागावर पडते आणि डोळ्याला फक्त फिकट पट्टीच गर्डर वाटते. आणि घाटात बाबांच्या पुलाचे खांब आडवे नेऊ नकोस, उभे ने, दोन उशांच्या मध्ये.