मदत हवी आहे: १९७१ मध्ये छांबला बेपत्ता झालेल्या जवानाची नोंद कुठे मिळेल?

रानवाट

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्रच असतो. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ तोफखान्यात गनर होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. आमच्या पिढीतल्या कुणीच त्यांना पाहिलेलं नाही, तरी अप्पाच. वायरलेस चालवायचे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात जम्मूच्या सीमेवरच्या छांबला पायदळाच्या एका कंपनीबरोबर पुढे गेलेल्या ओपी पार्टीत (पुढून तोफांना नेम सांगणारी निरीक्षण तुकडी) होते, तिथून परतले नाहीत. आधी 'बेपत्ता' अशी तार आली. काही महिन्यांनी पत्र आलं, त्यात 'मिसिंग बिलीव्ड किल्ड', म्हणजे बेपत्ता, बहुधा मारले गेले, असं होतं. शाळेची पायरी न चढलेली माझी धाकटी आजी, म्हणजे अप्पांची बायको, हे तीन शब्द एकच शब्द असल्यासारखे एका दमात म्हणते.

लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, मूलबाळ नव्हतं. आजीला पेन्शन मिळतं. ते घेताना विधवा म्हणून अंगठा देते आणि रोज सकाळी कपाळाला कुंकू लावते. यात तिला कधी विसंगती वाटली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

आता अडलंय ते असं. वाटणीत अप्पांच्या नावे आलेली पाऊण एकर जमीन सातबाऱ्यावर अजून त्यांच्याच नावावर आहे. तिचा एक तुकडा रस्ता रुंदीकरणात जातोय. मोबदल्यासाठी वारस नोंद हवी आणि वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला. तो कधी काढलाच नव्हता. लष्कराचं ते पत्र पेन्शनच्या वेळी एका कार्यालयात मूळ प्रत म्हणून दिलं, ते परत आलं नाही. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचून दाखवला तर आजी म्हणाली, "माझ्या अंगठ्यानं त्यांना मारू नका. पलटणीनं काय लिहून ठेवलंय ते आधी आणा, मग बघू."

तर ते 'पलटणीनं लिहिलेलं' कुठून आणायचं? आणि दुसरं, युद्ध संपता संपता शेजारच्या गावातल्या एकाने रेडिओ पाकिस्तानवर कैद्यांच्या नावांत 'गनर शिंदे' असं ऐकलं होतं. पुढे १९८० च्या सुमाराला एक माणूस 'लाहोरच्या तुरुंगात बघितलंय' असं सांगून आजीच्या पाटल्या घेऊन गेला, तो गेलाच. रेडिओवरच्या त्या नावाची शहानिशा आज करता येते का? रेडक्रॉसकडे काही असेल का?

तोफखाना_निवृत्त

रानवाट, आधी आर्मी नंबर शोधा. नावावर कुणी काही शोधून देणार नाही, शिंदे नावाचे गनर पोत्याने सापडतील. पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर असतो. अप्पांनी पाठवलेली आंतर्देशीय पत्रं असतील तर पाठीमागे नंबर, युनिट आणि '५६ एपीओ' (लष्करी टपालाचा पत्ता) लिहिलेलं असेल. काहीच नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनरची नोंद असते.

तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. माहिती अधिकारात अर्ज आजीच्या नावानेच करा, पुतणा-नातू म्हटलं की फाटे फुटतात. 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर (बेपत्ता किंवा मृत झाल्याची लष्करातली लेखी नोंद), सर्व्हिस रेकॉर्डची प्रत आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असल्यास तिचे निष्कर्ष, हे नाव घेऊन मागा. ओपी पार्टीत अधिकारी, वायरलेसवाला आणि आणखी एकदोघे असायचे. बाकीच्यांचं काय झालं ते विचारा. त्यांच्यातला कुणी परत आला असेल तर त्याचा जबाब कुठेतरी असणार. तुम्हाला हवाय तो कागद तोच.

आणखी एक सांगतो, कडू वाटेल. छांबला आपण मुनावर तवी नदीच्या अलीकडे, पूर्वेला आलो. पलीकडचा भाग त्यांच्याकडे राहिला आणि सिमला करारानंतरही त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे तोफा थांबल्यावर आपल्या माणसांना ती जमीन पुन्हा धुंडाळता आली नाही. तिथला 'बेपत्ता' आणि आपल्या ताब्यात राहिलेल्या जागेतला 'बेपत्ता' यात फरक आहे. देह मिळाला नाही एवढ्यावरून कैद झाली असं धरू नका.

सह्यकडा

आपण त्यांचे ९३,००० युद्धकैदी सोडले आणि आपले ५४ आणता आले नाहीत! टेबलावर बसून सगळं घालवलं. तुमच्या अप्पांसारखे कितीतरी अजून तिथल्या कोठड्यांत असतील, लिहून ठेवा.

ऋतुजा_क

सह्यकडा, वेगळा धागा काढा, तिथे भांडू. 'लिहून ठेवा' म्हणणारा एक माणूस आजींच्या पाटल्या घेऊन गेलाय.

रानवाट, मी काही वर्षं बेपत्ता माणसांच्या शोधाशी संबंधित काम केलंय, त्यावरून सांगते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांसाठी कलम ७० आहे. कैदी छावणीत पोचल्यापासून फार तर आठवड्याभरात त्याला एक कार्ड लिहू द्यायचं: मी कैदेत आहे, तब्येत अशी, पत्ता असा. एक कार्ड घरी, एक जिनिव्हाच्या मध्यवर्ती शोध यंत्रणेकडे. भारत आणि पाकिस्तान दोघेही या कराराला बांधलेले. घरी असं कार्ड आलं नाही हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय, तरी आजींना एकदा स्पष्ट विचारा. तेव्हाची कार्डं शेजारी, पोस्टमन, सरपंच अशा कुणाकुणाच्या हातून फिरायची.

रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं कार्यालय दिल्लीत आहे. जवळच्या नातेवाइकाने लेखी विचारलं तर त्या व्यक्तीची नोंद आहे का हे तपासायची विनंती करता येते. नंबर, जन्मतारीख, वडिलांचं नाव, युनिट, बेपत्ता झाल्याची तारीख आणि ठिकाण द्या. वेळ लागतो. आणि 'नोंद नाही' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. कैदी म्हणून कधी नोंदवलाच गेला नाही अशा माणसाबद्दल ती फाईल काहीच सांगू शकत नाही.

रेडिओच्या नावाबद्दल. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून आपले सहाशेहून अधिक कैदी परत आले. ते गनर शिंदे त्यांच्यातलेच दुसरे कुणी असू शकतात. रेकॉर्ड ऑफिसला हेही विचारा: त्या दिवशी परतलेल्यांत तोफखान्याचे त्याच आडनावाचे कुणी होते का? माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांत याचं उत्तर मिळण्याची शक्यता सर्वात जास्त.

५४ जणांची यादी वेगळी. ज्यांच्या कैदेबद्दल काहीतरी धागादोरा होता अशांची ती नावं. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत नावं सांगितली होती. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे त्यातलेच, त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. जून २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघून आले, त्यात त्याही होत्या. हाती काही लागलं नाही. भारताचे युद्धकैदी अजून आमच्याकडे आहेत हे पाकिस्तान अधिकृतपणे मान्य करत नाही. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, त्यात मच्छीमार आणि सिव्हिल (लष्करी नसलेले) कैदी असतात. बातमीत 'कैद्यांची यादी' वाचून आजींना काही सांगू नका.

वकीलबुवा

जमिनीपुरतं बोलतो. सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं, हे पुरावा कायद्याचं जुनं कलम १०८. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ झालंय. दिवाणी न्यायालयातून तसं जाहीर करून घेता येतं आणि त्यावर दाखला निघतो. पण या गृहीतकातून माणूस मेला एवढंच निघतं, कधी मेला ते निघत नाही. तारीख ज्याला हवी त्याने पुराव्याने दाखवायची.

तुमच्याकडे तारखेला महत्त्व आहे. अप्पांच्या आई तेव्हा होत्या का, आणि कधी गेल्या?

रानवाट

पणजी १९८९ ला गेली.

वकीलबुवा

मग नीट वाचा. हिंदू वारसा कायद्यात विधवा आणि आई दोघी पहिल्या वर्गातल्या वारस. मृत्यू डिसेंबर १९७१ चा धरला तर अर्धा हिस्सा आईचा, आणि तो पुढे तिच्या इतर मुलांकडे, म्हणजे तुमच्या आजोबांच्या घराकडे येतो. १९८९ नंतरची तारीख लागली तर सगळं एकट्या आजींचं. लष्कराच्या कागदावर १९७१ ची तारीख असणार. तो कागद तुमच्या बाजूचा आहे, आजींच्या नाही. अर्ज तुम्हीच करताय म्हणून आधीच सांगितलं.

रानवाट

वकीलबुवा, हे माहीतच नव्हतं. रात्री वडिलांना आणि काकांना वाचून दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले की आपल्या हिश्शाचं हक्कसोडपत्र आधी करून ठेवू, मग कागद मागवू. वडील 'हो' म्हणाले, पण जरा उशिराने म्हणाले, हेही लिहून ठेवतो.

तोफखाना_निवृत्त

काकांना माझा नमस्कार सांगा. नंबर मिळाला का?

रानवाट

मिळाला. ट्रंकेत नव्हता, पीपीओवरचा आकडा पुसट झालाय. आजीला सहज विचारलं तर तिने तोंडपाठ सांगितला, आकडे मराठीत, एकेक करून. पत्रावर घालायला लागायचा ना, म्हणाली.

कार्ड वगैरे काही आलं नव्हतं, हेही विचारलं. पोस्टमन तिच्या माहेरच्या गावचा होता, आलं असतं तर त्याने पळत आणून दिलं असतं, असं तिचं म्हणणं.

माहिती अधिकाराचा अर्ज तिला वाचून दाखवला. 'माझे पती गनर अमुक अमुक, हे डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता असून' इथे तिने थांबवलं आणि तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा दिला. रेडक्रॉसचं पत्र ऋतुजाताईंनी सांगितलं तसं लिहितोय. ताई, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

आणि एक बारीकसारीक प्रश्न: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे काढायची?

तोफखाना_निवृत्त

'अकाउंट्स ऑफिसर'. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेव्हा इथेच लिहा.

ऋतुजा_क

करा व्यनि. त्यात तो नंबर मात्र आजींनी सांगितला तसाच, पुन्हा एकदा त्यांच्याकडून पडताळून लिहा.