साखरपुड्याआधीच सांग
आईला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होण्याचा आजार) आहे हे होणाऱ्या नवऱ्याला कधी सांगू, असं विचारलंयस. साखरपुड्याआधी, आणि तूच. एखाद्या मावशीकडून 'आईला लकवा आहे' असं त्याच्या घरी पोचलं की निस्तरत बसावं लागतं. माझ्या भावाला एमएस आहे. बायकोला मी दुसऱ्याच भेटीत सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, मुलांना होईल का? एकाच जनुकाने सरळ पुढे जाणारा आजार नाही हा. अनेक जनुकं, एपस्टीन-बार विषाणू, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता, सगळ्याचा हात असतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये १०० पैकी साधारण २ जणांना होतो. पुढे होणार की नाही हे सांगणारी रक्ततपासणी नाही, त्यामुळे 'टेस्ट करून घे' असं कुणी म्हणालं तर तेही सांग. आमच्याकडे पत्रिका मात्र तीनदा तपासली होती!